आजचं बघा

४ जानेवारी

मनाच्या बाई म्हणाल्या, "रोज घरी गेल्यावर थोडं लिहीत जा, हलकं वाटेल. फक्त कामावर काय पाहिलं ते लिहायचं नाही." म्हणजे पोहायला जा, पण पाण्यात उतरू नका. कामातलं अक्षर बाहेर जाणार नाही अशी सही मी पहिल्याच दिवशी करून दिली आहे. पण ही वही माझ्या कपड्यांच्या कपाटात राहणार. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा तिला कधीच सापडत नाही. तेव्हा लिहीन सगळं.

मनाच्या बाई म्हणजे आमच्या डोक्याची काळजी घ्यायला कंपनीने ठेवलेल्या बाई. त्यांच्या खोलीत एक मऊ खुर्ची, एक प्लास्टिकचं झाड आणि कागदी रुमालांचा डबा आहे. डबा अर्धा रिकामा होता, ते मला आवडलं नाही.

उभं आयुष्य मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. वर्तमानपत्र बंद पडलं, मी घरी बसले, आणि आता ही नोकरी. लोक आपापल्या फोनवरून जगाला काहीबाही दाखवतात, दुसरे लोक त्यावर तक्रार करतात, आणि तक्रार आलेलं सगळं आमच्या पडद्यावर येतं. खाली दोन बटणं. ठेवा. काढा. आई म्हणाली, "बरंच झालं. नाहीतरी लोकांच्या चुका काढण्यात तुझा हात कोण धरणार?"

शेजारच्या खुर्चीवर एक मास्तर आहेत. खरोखरचे मास्तर, शाळा बंद पडली म्हणून इकडे आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तिकडे चाळीस पोरांना सांगायचो, हाताची घडी, तोंडावर बोट. इथे अख्ख्या दुनियेला सांगायचंय, एवढाच फरक." आमच्यावर देखरेख करणारी मुलगी माझ्या बहिणीहूनही लहान आहे. सगळे तिला कॅप्टन म्हणतात. सारखी च्युइंगगम चघळत असते, पण बोलायला गोड आहे.

८ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहायला बंदी आहे, आणि नसती तरी लिहिता आलं नसतं. दुपारचा डबा तसाच परत आणला.

मास्तरांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता माझ्या पडद्यावरची दोन चिन्हं दाबली. एकाने आवाज गेला, दुसऱ्याने रंग गेले. "आता बघा," म्हणाले. "रक्त काळं दिसलं की शाई वाटते. शाईची तर तुम्हाला सवय आहे."

मग मान वर करून पाहिलं, तर सगळ्या हॉलभर असंच. ओळीने माणसं बसलेली, आणि प्रत्येकासमोर मुकं, राखाडी जग पळतंय. नवीन आलेल्याला जुना माणूस हेच पहिलं शिकवतो म्हणे. कंपनीचीही ना नाही. आवाज ऐकत बसलं की काम रेंगाळतं.

१६ जानेवारी

झोप लागायला लागली. मनाच्या बाईंच्या सांगण्यावरून मी स्वतःच्या फोनचेही रंग काढून टाकले. घरी आल्यावर डोळ्यांना विसावा हवा. दोन दिवस विचित्र वाटलं, आता लक्षातही येत नाही.

आई माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. तुला कुठला रोग झाला म्हणायचा हा?" मी म्हटलं, "नोकरी."

२३ जानेवारी

आज मला माझा अभिमान वाटतो, आणि तो लिहून ठेवायला मी लाजणार नाही.

सकाळपासून एकच व्हिडिओ हजार रूपांनी येत होता. एक गाडी, आजूबाजूला जमाव, खाली लिहिलेलं, मुलं पळवणारी टोळी पकडली. गाडीतला माणूस खेळणी विकणारा होता. आम्हाला हे कळलं तेव्हा त्याला बाहेर ओढून झालं होतं. कॅप्टन आमच्या मागे उभी राहून ओरडत होती, "काढा, काढा, पुढच्या गावात पोचायच्या आत काढा." आम्ही पाणी प्यायलाही उठलो नाही. संध्याकाळी बातमी आली, माणूस जगला, आणि दुसऱ्या गावात असाच एक जण घेरला होता तो सुटला. कॅप्टनने सगळ्यांना केक दिला. मास्तर नेहमी काहीतरी टोचून बोलतात, तेही गप्प बसून केक खात होते.

बोलण्याचं स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द वापरून जे लोक आमच्यावर लेख लिहितात त्यांना त्या खेळणीवाल्यापुढे उभं करावं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मार कुणी खायचा?

धाकट्या बहिणीचाही फोन आला होता दुपारी. तिच्या गावातही तो व्हिडिओ फिरत होता, लेकीला, चिमीला, शाळेत पाठवू की नको म्हणून घाबरली होती. मी सांगितलं, धादांत खोटं आहे, बिनधास्त पाठव. रात्री परत फोन, "ताई, तू म्हणालीस तेच खरं निघालं. इथे सगळ्यांना सांगितलं मी, माझी बहीण त्याच कामात आहे म्हणून." आता आमच्या घरात वेदवाक्य एकच, ताईला विचारा. भावोजीसुद्धा म्हणतात, आणि ते सहसा कुणाला काही विचारणाऱ्यातले नाहीत.

चिमीने यातून नवाच खेळ काढला आहे. पुढचे दात पडलेत, त्यामुळे बोलणं अर्धं वाऱ्यावर जातं. फोन घेते आणि म्हणते, "मावशी, माझ्या खिशात बेडूक आहे. खरं की खोटं?" मी म्हणायचं, "खोटं." "मी आज एकटीने केस धुतले. खरं की खोटं?" "खोटं." मग ती आईकडे बघून ओरडते, "आई, मावशीला सगळं कळतं!"

५ फेब्रुवारी

आज एक गंमतच आली. एका बाईचा हात, हातात काचेचा ग्लास, ग्लासात पाणी. मागे खिडकी. ग्लास उजेडात धरून ठेवलाय, बस, संपलं. खाली लिहिलेलं, आजचं बघा.

अगं बाई, बघितलं. पाणी आहे. आमच्याकडेही येतं.

तिच्या खात्यावर रोज हेच. तोच हात, अंगठ्याचं नख ठेचून काळं पडलेलं, तोच ग्लास, आजचं बघा. ना तोंड दाखवते, ना काही बोलते. तक्रारी मात्र ढिगाने. कुठल्या नियमात बसवावं कळेना. शेवटी एक सापडला, तेच तेच पुन्हा टाकून लोकांना त्रास देणे. काढलं. मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, "कुणीतरी एकटी बाई असेल. कुणाला तरी दाखवायला तिच्याकडे एवढंच असेल." मास्तरांना सगळ्यांचीच कीव येते, म्हणून त्यांचं काम नेहमी मागे.

१० फेब्रुवारी

ग्लासवाली आज चार वेळा आली. हॉलमध्ये आता ती माझी म्हणूनच ओळखली जाते. "आली हो तुमची मैत्रीण," मास्तर म्हणतात.

लोक तिला किती वैतागले आहेत ते बघून मलाच नवल वाटलं. सकाळी एकाच झपाट्यात शेकडो तक्रारी, आणि सगळ्यांच्या मनात शब्द न शब्द एकच. "या महिलेमुळे गावाची बदनामी होत आहे." एवढ्या माणसांचं एकमत मी आमच्या घरात चहात साखर किती यावरही पाहिलं नाही. म्हणजे बाई खरोखर डोक्यात जात असणार. काढलं, चारही.

१७ फेब्रुवारी

धाकटीशी बोलणं झालं. ती आधी हवापाण्याचं, आईच्या गुडघ्याचं बोलत राहिली. मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? काय झालं?"

चिमीचं पोट बिघडलंय, आठवडा झाला. खाल्लेलं राहत नाही. शाळेतूनही काहीतरी आलं असेल, वर्गातली बरीच मुलं आजारी आहेत. पाण्यालाही हल्ली वास येतो, धाकटी म्हणाली, धातूसारखा. नळाच्या पाइपचं काम काढलंय, तेव्हापासून. चिमीला तर पाणी सारखं लागतं, बाटली तोंडालाच असते. एरवी धाकटी याचं कौतुक सांगत असते, बाकीच्यांची मुलं रंगीत पेयं मागतात, आमची पाणी मागते.

मी सांगितलं, चांगलं खळखळ उकळून दे, आटेपर्यंत. आई मागून म्हणाली, "डॉक्टरला दाखव म्हणावं." दाखवलंय, त्यांनी पोटाचं औषध दिलंय.

२० फेब्रुवारी

वरून नवा आदेश आला. नळाच्या पाण्याबद्दल भीती पसरवणारं जे काही असेल ते काढायचं, पाणी शुद्ध असल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं आहे. कुठल्या गावाचं पाणी, ते लिहिलेलं नव्हतं. आम्हाला गाव कधीच कळत नाही.

म्हणजे ग्लासवाली तरी सुटली माझ्या डोक्यातून. इतके दिवस तिला ओढूनताणून नियमात बसवत होते, आता तिच्या मापाचाच नियम आला. बाई नुसता ग्लास दाखवून अफवा पसरवत होती तर.

मास्तर माझ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "एकदा आवाज लावून तर बघा. बोलत असेल काही."

"तुम्ही लावता का कधी?"

"नाही."

"मग?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "अधिकारी म्हणतात शुद्ध आहे. अधिकाऱ्यांनी प्यायलं का, ते कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "मास्तर, तुमच्यासारखे शंकेखोर होते म्हणूनच तो खेळणीवाला मार खात होता." हे मला फार शोभलं नाही. ते दुपारभर बोलले नाहीत माझ्याशी.

इतक्या वेळा काढलं की खातंच बंद होतं. ग्लासवालीचं आज झालं. शेवटचं बटण माझंच होतं.

२६ फेब्रुवारी

ऑफिसातून घरी येऊन पाय धुते न धुते तोच धाकटीचा फोन.

"ताई, फोटो पाठवलाय. बघ ना."

बघितला. न्हाणीघरातली पांढरी बादली, काठोकाठ भरलेली.

"बघितला. बादली आहे."

"अगं, रंग बघ पाण्याचा."

"कसला रंग? साधंच तर आहे."

"नीट बघ. मला पिवळट वाटतं. सकाळी पहिलं पाणी येतं ना, तेव्हा. नंतर टाकीत मिसळलं की कळत नाही. हे म्हणतात पाइपातला गंज असेल."

मी परत बघितलं, डोळ्यांजवळ नेऊन. माझी नजर साधी नाही, चुकलेली मात्रा मी हातभर अंतरावरून पकडत आले आहे. "काही नाही ग," मी म्हटलं. "तुझ्या न्हाणीघरातला दिवा पिवळा असेल."

ती म्हणाली, "इथल्या एका बाईचे व्हिडिओ फिरत होते. शिवणकाम करते, कारखान्याच्या बाजूच्या गल्लीत राहते. पाण्याबद्दल काहीतरी सांगत होती म्हणे. शेजारणीने पाहिले होते. मी बघायला गेले तर आता काहीच नाही, तीच नाही. खोटं होतं का ते?"

माझ्या लगेच लक्षात आलं. ग्लासवाली! म्हणजे माझ्याच बहिणीच्या गावाला घाबरवत बसली होती ही. मला खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं, की मी आधीच बंदोबस्त केला होता. पण सही केलेली. एवढंच म्हटलं, "काढलंय ना? मग खोटंच असणार. उगाच कुणाचं काढत नाहीत."

"नक्की?"

"धाकटे, माझं कामच ते आहे."

"मग झालं. हे बाहेरून पाण्याचे कॅन आणू म्हणत होते, नको सांगते. चिमीला आता उकळूनच देते, पार अर्ध्यावर आटवून."

चिमी फोनवर आली, पण आज खेळली नाही. फक्त म्हणाली, "मावशी, मला चप्पल होत नाही. खरं की खोटं?" मी म्हटलं, "खोटं. इतक्या लवकर कुठे पाय वाढतात?" धाकटी मागून म्हणाली, पाय जरा सुजल्यासारखे वाटतात.

८ मार्च

चिमीला दवाखान्यात ठेवलंय. भावोजींचा फोन आला, आणि ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. चिमीला लघवी होत नाहीये. मी आणि आई उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय.

१० मार्च

लिहायलाच हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल.

मुलांच्या वॉर्डात एक खाट रिकामी नाही. काही मुलं खाटांच्या मधल्या जागेत गाद्यांवर आहेत. चिमीचा चेहरा इतका सुजलाय की मी दोन खाटा पुढे गेले होते, आईने हाक मारली. तिच्या गळ्याजवळ नळी घातली आहे आणि एका यंत्रातून तिचं रक्त फिरवून आणतात. डॉक्टर बाई तरुण आहेत, झोप न झालेल्या. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, पाण्यातून विष गेलंय. मूत्रपिंडांना मार बसलाय. किती भरून येईल ते आता सांगता येत नाही. या वॉर्डातली सगळी मुलं गावाच्या एकाच बाजूची आहेत.

धाकटी म्हणाली, "पण मी उकळून देत होते. अर्ध्यावर आटवून देत होते."

डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, "याने जंतू मरतात. हे जंतू नाहीत. आटवलं की पाणी कमी होतं, हे तेवढंच राहतं." धाकटीने भिंतीला हात लावला. उकळायला मी सांगितलं होतं. आटेपर्यंत, हेही मीच.

तरीही मी मनात म्हणत होते, हे कळणार कसं कुणाला, पाणी तर स्वच्छ दिसत होतं. तसं मी भावोजींना म्हटलंसुद्धा, बाहेरच्या बाकावर. ते माझ्याकडे बघत राहिले. "स्वच्छ?" म्हणाले. त्यांनी फोन काढला आणि तोच फोटो माझ्यापुढे धरला.

बादली पांढरी होती. पाणी पिवळं होतं. पिवळट नाही, पिवळं.

मी माझा फोन काढला. तोच फोटो, तीच बादली, राखाडी. दोन्ही फोन मांडीवर शेजारीशेजारी ठेवले आणि बघत बसले. भावोजींनी विचारलं, "तुमच्या फोनला काय झालंय?" मी म्हटलं, "जुना आहे." एवढं बोलून मी दोन्ही फोन पालथे घातले.

मला वाटलं होतं मी डोळ्यांना विसावा देतेय.

१३ मार्च

ऑफिसात गेले. आई तिकडेच राहिली आहे. मी मुद्दाम गेले, रजा असताना.

खातं बंद झाल्यावर त्यातलं काहीच आम्हाला परत दिसत नाही. पण तिचा एक व्हिडिओ कुणीतरी उतरवून ठेवला होता, तो पुन्हा टाकलेला. दुपारी रांगेत आला. आजचं बघा. मी आवाज लावला. रंग लावले. मास्तरांनी आपलं काम थांबवलं.

ग्लासातलं पाणी हळदीच्या पाण्यासारखं होतं. आणि ती बोलत होती. ती पहिल्यापासून बोलत होती. साधा, दमलेला आवाज, बाळाला झोपवून उठलेल्या बाईसारखा.

"हे आजचं. काल म्हणालात खोटं आहे, म्हणून आज पुन्हा भरलंय, नळ दाखवते, हा बघा. कारखान्यातलं पाणी पाइपात येतंय. कुणाला सांगू कळत नाही, सगळीकडे जाऊन आले. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हे पाजू नका. उकळूनही नका पाजू. मी उकळूनच पाजलं होतं. माझं गेलं."

मी 'ठेवा' दाबलं.

थोड्याच वेळात वरून माझ्या नावावर लाल खूण आली. चुकीचा निर्णय, पाण्याविषयीच्या आदेशाचा भंग. वरच्याने तो व्हिडिओ काढलाही होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या. इथे आल्यापासून माझा हा पहिला बरोबर निर्णय असेल, त्याच्यावर लाल खूण.

कॅप्टनकडे गेले. सगळं सांगितलं, वॉर्ड, चिमी, नळी. तिने च्युइंगगम कागदात काढून ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खोटं नव्हतं. "मी वर लिहिते," म्हणाली. "पण आदेश उठेपर्यंत काढावंच लागेल. तुम्ही नाही काढलं तर शेजारचा काढेल."

शेजारचे मास्तर होते. त्यांच्याही रांगेत तो आला असावा, कारण संध्याकाळी त्यांच्याही नावापुढे लाल खुणा होत्या, एकापाठोपाठ एक, मोजायला नको इतक्या. मला म्हणाले, "शाळेतही मला शिस्त लावता आली नाही कधी." त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय.

मनाच्या बाईंनी बोलावलं होतं. गेले नाही.

१४ मार्च

काल झोपले नाही. ग्लासवालीला मी अफवा पसरवणारी म्हणत होते. चार वेळा आली म्हणून हसले. आपलं मूल गेल्यावर ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी रोज ग्लास भरत होती, आणि मी रोज ओतून देत होते.

बातम्यांत सांगितलं, त्या भागाचा पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी थांबवला आहे. दुरुस्तीसाठी.

१९ मार्च

राजीनामा दिला. धाकटीला सांगितलं नाही. कालपासून दवाखान्यातच आहे मी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. शिवणकामवाल्या बाईंच्या घरी जाऊन आले, दाराला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, "व्हिडिओ बंद झाल्यावर लोक तोंडावर हसायला लागले तिच्या. खोटारडी म्हणायचे. माहेरी गेली." खिडकीच्या आत तो ग्लास दिसतो का ते मी वाकून बघितलं. पडदा होता.

२१ मार्च

आज सांगितलं.

चिमी झोपली होती. धाकटी तिच्या पायांवर तेल नुसतं फिरवत होती, चोळायला बंदी आहे. मी सांगायला सुरुवात केली ती थेट सहीपासून. ग्लासवाली, नियम, आदेश, खातं. सगळं. धाकटीचा हात थांबला नाही. मी म्हटलं, "तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं ती कोण. मीच काढलं होतं. आणि मीच तुला म्हटलं, काढलंय म्हणजे खोटं."

तिने विचारलं, "आणि फोटो? तो तर मी तुला पाठवला होता. तुला रंग दिसला नाही?"

मी फोन दिला तिला. तिने बघितला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग फोनच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी जाऊन तिने एक बटण सरकवलं, तिला ते लगेच सापडलं, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

ती ओरडली असती, तिने मला हाकलून दिलं असतं तर मी उठून गेले असते. ती परत चिमीच्या पायांवर तेल फिरवू लागली. मी बसून राहिले. मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

दुपारी चिमी उठली. सूज थोडी उतरली आहे, डोळे पुरते उघडतात. यंत्र अजून सुटलेलं नाही, सुटेल की नाही ते डॉक्टर बाई सांगत नाहीत. पाणी तिला मोजून मिळतं, छोट्या कपात. ज्या पोरीच्या तोंडाला दिवसभर बाटली असायची ती त्या कपाची सकाळपासून वाट बघते. नर्सने कप आणून दिला. चिमीने तो दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावला नाही. आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी," ती म्हणाली, "हे पाणी चांगलं आहे. खरं की खोटं?"

एक घोट आधी मी घेऊन दाखवावा असं मनात आलं. पण तिच्या वाटणीचं तेवढंच, त्यातला थेंबही माझा नव्हता. माझ्याकडे फक्त शब्द होता.

"खरं," मी म्हटलं.

चिमी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कप आईपुढे केला.

धाकटीने तो घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात वर धरला आणि पुष्कळ वेळ बघितला. वास घेतला. मग परत आणून चिमीच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली.

तेव्हा चिमी प्यायली.